नारळीकरांना ‘बिग बँग’ का मान्य नव्हता? आणि त्या वादाचं पुढे काय झालं?

१९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखकाचं नाव होतं नारायण विनायक जगताप. कथेला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडा झाला की या नावाचा लेखक अस्तित्वातच नाही. कथा जयंत विष्णू नारळीकर यांची होती. ज. वि. ना. ही आद्याक्षरं उलटी केली की ना. वि. ज. होतात, त्यावरून त्यांनी हे टोपणनाव घेतलं होतं.

तेव्हा नारळीकर पस्तिशीत होते. पद्मभूषण मिळून नऊ वर्षं झाली होती आणि देशभर त्यांचं नाव झालं होतं. त्या नावाने कथा पाठवली असती तर परीक्षकांना ती नाकारणं अवघड गेलं असतं. त्यांना हवं होतं ते उलट: नाव बाजूला ठेवून कथा तपासली जावी.

२० मे २०२५ रोजी पुण्यात, वयाच्या ८६व्या वर्षी नारळीकरांचं निधन झालं. त्यानंतर आलेल्या बातम्यांमध्ये त्यांची दोन वर्णनं शेजारी शेजारी होती. एक, बिग बँग सिद्धांताला आव्हान देणारे शास्त्रज्ञ. दुसरं, वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आयुष्यभर प्रचार करणारे लेखक. अनेकांना इथे प्रश्न पडतो. जगातले बहुतेक खगोलशास्त्रज्ञ जे मानतात ते न मानणारा माणूस विज्ञानाच्या बाजूचा कसा? आणि याच प्रश्नाचा सोयीस्कर वापरही होतो. ‘एवढ्या मोठ्या शास्त्रज्ञालाही बिग बँग मान्य नव्हता, मग विज्ञान सांगतं त्यावर विश्वास कशाला ठेवायचा?’ असा तो युक्तिवाद असतो.

याचं उत्तर शोधायचं तर त्यांनी नेमकं काय नाकारलं, कसं नाकारलं आणि त्यात ते कुठे चुकले, हे पाहावं लागतं. (चुकले का? बहुसंख्य शास्त्रज्ञांच्या मते हो. त्याकडे येऊच.)

मुळात वाद कशाचा होता?

१९२९ मध्ये एडविन हबल यांच्या निरीक्षणांमधून दिसलं की दीर्घिका आपल्यापासून दूर चालल्या आहेत. जी जितकी लांब, ती तितक्या जास्त वेगाने. म्हणजे विश्व प्रसरण पावतंय. आता हाच चित्रपट उलटा फिरवला तर सगळं जवळ जवळ येत जातं आणि एका क्षणी सगळं विश्व अतिशय दाट आणि अतिशय तप्त अवस्थेत होतं, असं म्हणावं लागतं. हा झाला बिग बँग किंवा महास्फोट सिद्धांत.

१९४८ मध्ये केंब्रिजच्या फ्रेड हॉइल, हर्मन बाँडी आणि थॉमस गोल्ड या तिघांनी वेगळा पर्याय मांडला. विश्व प्रसरण पावतंय हे त्यांनाही मान्य होतं. पण त्यांचं म्हणणं असं की दीर्घिका दूर गेल्यामुळे जी जागा रिकामी होते तिथे नवीन पदार्थ तयार होत राहतो. त्याचं प्रमाण नगण्य. एक घनमीटर जागेत अब्जावधी वर्षांत हायड्रोजनचा जेमतेम एखादा अणू. एवढ्यानेही विश्वाची सरासरी घनता कायम राहते. अशा विश्वाला सुरुवात नाही आणि शेवटही नाही. याला स्थिर स्थिती सिद्धांत म्हणतात.

शून्यातून पदार्थ तयार होतो म्हणजे काय, असं कोणालाही वाटेल. हॉइल यांचं यावर उत्तर होतं की बिग बँगमध्येही पदार्थ निर्माण होतोच, फक्त तो सगळा एकाच क्षणी होतो, जिथे भौतिकशास्त्राचे नियमच लागू पडत नाहीत आणि जो क्षण तपासता येत नाही. त्यापेक्षा थोडी थोडी, सतत होणारी निर्मिती निदान समीकरणात तरी मांडता येते.

शिवाय त्या काळी बिग बँगची एक मोठी अडचण होती. हबल यांच्या आकड्यांवरून विश्वाचं वय साधारण २ अब्ज वर्षं निघत होतं, तर पृथ्वीवरचे खडक त्याहून जुने असल्याचं भूगर्भशास्त्रज्ञ सांगत होते. आईपेक्षा मुलीचं वय जास्त! पुढे दीर्घिकांची अंतरं नव्याने मोजली गेली आणि ही अडचण सुटली. पण १९४८ मध्ये स्थिर स्थिती मांडणं म्हणजे आडमुठेपणा नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं.

गंमत म्हणजे ‘बिग बँग’ हे नाव विरोधकानेच दिलेलं आहे. मार्च १९४९ मध्ये बीबीसी रेडिओवरच्या भाषणात हॉइल यांनी समोरच्या सिद्धांतासाठी हे शब्द वापरले आणि तेच कायमचे चिकटले.

पहिली परीक्षा: १९६१

नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८चा, कोल्हापूरचा. वडील विष्णू वासुदेव नारळीकर बनारस हिंदू विद्यापीठात गणिताचे विभागप्रमुख होते, त्यामुळे शिक्षण बनारसला झालं. १९५७ मध्ये बीएस्सी करून ते केंब्रिजला गेले आणि पुढे हॉइल यांच्या हाताखाली त्यांनी संशोधन सुरू केलं.

संशोधनाला जेमतेम सुरुवात होते न होते तोच वादळ आलं. केंब्रिजमध्येच मार्टिन राइल नावाचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ आकाशातल्या रेडिओ स्रोतांची मोजणी करत होते. त्यामागचा विचार साधा होता. प्रकाशाला आपल्यापर्यंत यायला वेळ लागतो, म्हणून जितकं दूरचं पाहू तितकं जुनं दिसतं. स्थिर स्थितीत जुनं विश्व आणि आजचं विश्व सारखंच असायला हवं. राइल यांच्या मोजणीत मात्र मंद, म्हणजे दूरचे स्रोत अपेक्षेपेक्षा खूप जास्त भरत होते. पूर्वीचं विश्व वेगळं होतं, असा त्याचा अर्थ.

फेब्रुवारी १९६१ मध्ये हे निष्कर्ष लंडनमध्ये पत्रकारांसमोर मांडले गेले. हॉइल यांनाही तिथे बोलावून मंचाजवळ बसवलं होतं. आपल्याला नेमकं काय ऐकावं लागणार आहे याची त्यांना आधी कल्पना नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांमध्ये स्थिर स्थितीचा निकाल लागला होता.

हॉइल आणि २२ वर्षांच्या नारळीकरांनी याला उत्तर तयार केलं. स्रोतांची वाटणी सगळीकडे सारखी नसेल, ते मोठमोठ्या समूहांमध्ये विखुरलेले असतील, तर स्थिर स्थितीतही अशी मोजणी मिळू शकते, असा त्यांचा मुद्दा होता. आणखी एक संदर्भ इथे महत्त्वाचा. राइल यांच्या गटाने १९५५ मध्येही असाच दावा केला होता. तेव्हाच्या यादीतले बरेच स्रोत नंतर खोटे निघाले होते आणि सिडनीच्या दुर्बिणीची निरीक्षणं त्यांच्याशी जुळली नव्हती. त्यामुळे १९६१ मध्ये शंका घेण्याला कारण होतं. पण नंतरच्या मोजण्यांमधून राइल यांचा मूळ मुद्दा टिकला. दूरच्या, म्हणजेच जुन्या विश्वात रेडिओ स्रोत खरोखर जास्त होते.

हॉकिंग उभे राहिले तो दिवस

१९६४ मध्ये हॉइल आणि नारळीकर यांनी गुरुत्वाकर्षणाचा नवीन सिद्धांत मांडला. एखाद्या कणाचं वस्तुमान हा त्याचा एकट्याचा गुण नसून विश्वातल्या बाकी सगळ्या पदार्थाशी असलेल्या नात्यातून ते ठरतं, हा त्याचा गाभा. ही कल्पना अर्न्स्ट माख यांच्या विचारांवर आधारलेली होती. भारतात याची प्रचंड चर्चा झाली. ‘आइन्स्टाइनच्या पुढे गेलेला भारतीय तरुण’ अशा थाटाचं कौतुक झालं. १९६५ मध्ये भारतभेटीवर आले तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना तुफान गर्दी झाली. त्याच वर्षी पद्मभूषण मिळालं, तेव्हा ते २६ वर्षांचे होते.

या कौतुकात एक प्रसंग सहसा सांगितला जात नाही. जून १९६४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीत हॉइल यांनी हा सिद्धांत मांडला. भाषण संपल्यावर प्रश्नांच्या वेळी एक विद्यार्थी काठीच्या आधाराने उभा राहिला आणि म्हणाला की तुम्ही जी बेरीज घेतली आहे ती अनंत येते. हॉइल यांनी विचारलं, हे तुम्हाला कसं माहीत? विद्यार्थी म्हणाला, मी गणित करून पाहिलंय. तो विद्यार्थी म्हणजे २२ वर्षांचे स्टीफन हॉकिंग.

हॉकिंग यांनी गणित आधीच कसं केलं होतं? कारण त्यांची आणि नारळीकरांची खोली जवळ जवळ होती आणि शोधनिबंध प्रसिद्ध व्हायच्या आधीच नारळीकरांनी त्यांना आपलं काम दाखवलं होतं. हॉइल त्या दिवशी चांगलेच रागावले. पण त्यातून निघालेली हॉकिंग यांची टीका त्यांच्या १९६६च्या पीएचडी प्रबंधाचं पहिलं प्रकरण बनली. केंब्रिजने २०१७ मध्ये हा प्रबंध ऑनलाइन टाकला तेव्हा इतक्या लोकांनी तो उघडला की वेबसाइटच बंद पडली. त्यातल्या कितीजणांनी पहिल्या प्रकरणातलं नारळीकरांचं नाव वाचलं असेल, कोण जाणे.

मला हा प्रसंग नारळीकरांच्या कुठल्याही पुरस्कारापेक्षा महत्त्वाचा वाटतो. आपलं काम, ते खोडून काढू शकेल अशा माणसाच्या हातात त्यांनी आपण होऊन दिलं होतं. पुढे त्यांनी इतरांकडून जी अपेक्षा केली, ती ही.

१९६५: खुणेचा खिळा

अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये आर्नो पेन्झियास आणि रॉबर्ट विल्सन हे बेल लॅबोरेटरीचे दोन शास्त्रज्ञ एका मोठ्या शिंगासारख्या अँटेनावर काम करत होते. अँटेना कुठेही वळवा, एक बारीक खरखर येतच होती. त्यांनी अँटेनात राहणारी कबुतरं हाकलली, त्यांची विष्ठा साफ केली, तरी खरखर जाईना. शेवटी लक्षात आलं की हे विश्वाच्या सगळ्या दिशांनी येणारं प्रारण आहे. तापमान शून्याच्या जरा वर, साधारण ३ केल्विन. बिग बँगनंतर विश्व थंड होत गेलं असेल तर अशी ऊब मागे उरायला हवी, हे राल्फ आल्फर आणि रॉबर्ट हरमन यांनी १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यांचा अंदाज ५ केल्विन होता.

आधी लिहिलेलं आणि नंतर सापडलेलं, तेही दुसरंच काही शोधणाऱ्या माणसांना. याहून मजबूत पुरावा विज्ञानात क्वचित मिळतो. बहुतेक शास्त्रज्ञांसाठी वाद इथे संपला. १९९० मध्ये ‘कोबे’ उपग्रहाने या प्रारणाचा आलेख मोजला, तेव्हा तो भौतिकशास्त्राच्या पुस्तकातल्या आदर्श वक्राशी इतका तंतोतंत जुळला की सभागृहात उभं राहून टाळ्या वाजवल्या गेल्या.

हॉइल आणि नारळीकर यांना मात्र हा पुरावा निर्णायक वाटला नाही.

हरलेल्या सिद्धांताने काय दिलं?

इथे थोडं थांबून एक हिशेब मांडायला हवा, कारण तो सहसा मांडला जात नाही. बिग बँग नसेल तर कार्बन, ऑक्सिजन, लोखंड ही मूलद्रव्यं आली कुठून? स्थिर स्थिती मानणाऱ्या हॉइल यांना याचं उत्तर ताऱ्यांच्या पोटातच शोधावं लागणार होतं. त्यांनी ते शोधलं. १९५७ मध्ये मार्गारेट बर्बिज, जॉफ्री बर्बिज, विल्यम फाउलर आणि हॉइल यांच्या शोधनिबंधाने दाखवून दिलं की जड मूलद्रव्यं ताऱ्यांमध्ये शिजतात. आज हे सगळ्या पाठ्यपुस्तकांत आहे. आपल्या रक्तातलं लोखंड ताऱ्यात तयार झालं, असं आपण सहज म्हणतो. ते वाक्य एका पराभूत सिद्धांताच्या गरजेतून आलेलं आहे.

हेलियमचं मात्र गणित ताऱ्यांवर सुटेना. विश्वात हेलियम इतका जास्त आहे की तो सगळा ताऱ्यांमध्ये तयार झाला असेल हे अवघड दिसतं. हे दाखवून देणाऱ्यांमध्ये, १९६४ मध्ये, स्वतः हॉइलही होते. म्हणजे विरोधी बाजूचा एक भक्कम पुरावा त्यांच्याच हातून पुढे आला.

नारळीकर आणि हॉइल यांनी पदार्थनिर्मितीसाठी ‘सी-फील्ड’ नावाचं, ऋण ऊर्जा असलेलं क्षेत्र कल्पिलं होतं. त्याच्या जोरावर विश्व वाढत्या वेगाने प्रसरण पावतं. सत्तरच्या दशकात हे विचित्र वाटायचं. १९९८ मध्ये दूरच्या अतिनवताऱ्यांच्या निरीक्षणांवरून विश्वाचं प्रसरण खरोखरच वेग घेत असल्याचं दिसलं. याने स्थिर स्थिती सिद्ध होत नाही, कारण बाकीचे पुरावे तिच्या विरुद्धच आहेत. पण अशा प्रकारची क्षेत्रं आज मुख्य प्रवाहातले शास्त्रज्ञ रोज वापरतात.

मग ते अडून का राहिले?

१९९३ मध्ये हॉइल, जॉफ्री बर्बिज आणि नारळीकर यांनी सुधारित मांडणी केली: अर्धस्थिर विश्व, इंग्रजीत ‘क्वासी स्टेडी स्टेट’. यात विश्व सावकाश प्रसरण पावत राहतं, पण त्याच वेळी साधारण ५० अब्ज वर्षांच्या चक्रात आकुंचन-प्रसरणही चालू असतं. एका महास्फोटाऐवजी दीर्घिकांच्या केंद्रांजवळ अनेक छोटे निर्मितीस्फोट होत राहतात. आणि ते सर्वव्यापी प्रारण? ते आधीच्या चक्रातल्या ताऱ्यांचा प्रकाश. अवकाशातल्या लोखंडाच्या सूक्ष्म सुयांनी तो शोषून पुन्हा बाहेर टाकला आणि त्याचं मायक्रोवेव्ह प्रारण झालं.

यामागे एक आकडा होता. विश्वातला सगळा हेलियम ताऱ्यांमध्ये तयार झाला असं धरलं, तर त्यातून निघालेल्या ऊर्जेचं तापमान जवळपास २.७ केल्विनच येतं. हा योगायोग कसा, असं ते विचारत.

त्यांचा मुख्य आक्षेप पद्धतीवर होता. बिग बँगला अडचण आली की त्यात नवीन भर घातली जाते: आधी महाप्रसरण, मग कृष्णद्रव्य, मग कृष्णऊर्जा. यातल्या कुठल्याच गोष्टीची प्रयोगशाळेत थेट ओळख पटलेली नाही. मे २००४ मध्ये ‘न्यू सायंटिस्ट’ साप्ताहिकात ३३ जणांचं एक खुलं पत्र प्रसिद्ध झालं. त्यावर नारळीकर, बाँडी आणि गोल्ड यांच्याही सह्या होत्या. विश्वरचनाशास्त्रातला जवळजवळ सगळा निधी बिग बँगच्या चौकटीतल्या कामाला जातो, त्यामुळे पर्याय तपासलेच जात नाहीत, अशी तक्रार त्यात होती. ही भीती अगदीच निराधार नव्हती. नारळीकरांसोबत काम केलेल्या हॉल्टन आर्प यांना ऐंशीच्या दशकात कॅलिफोर्नियात दुर्बिणीवर वेळ देणं थांबवलं गेलं होतं आणि ते जर्मनीला निघून गेले.

आता दुसरी बाजू. मला ती जास्त पटते. लोखंडाच्या सुया म्हणजे तरी काय? अडचण आली म्हणून घातलेली भरच. कोबेने मोजलेला तो निर्दोष वक्र असा प्रकाश विखुरून मिळणं फार कठीण आहे, हे टीकाकारांनी वेळोवेळी दाखवलं. पुढे या प्रारणातल्या बारीक चढउतारांचं मोजमाप झालं, २००३ मध्ये ‘डब्ल्यूमॅप’कडून आणि २०१३ पासून ‘प्लांक’ उपग्रहाकडून. बिग बँगच्या गणिताने हे चढउतार कुठे आणि किती असावेत हे आधी सांगितलेलं होतं. नारळीकर आणि सहकाऱ्यांनी त्यांचंही स्पष्टीकरण दिलं, पण मोजमाप आल्यानंतर. आधी सांगणं आणि नंतर जुळवणं यात फरक असतो. हा फरक खुद्द नारळीकरांनीच आपल्या वाचकांना वर्षानुवर्षं समजावला होता.

म्हणून ‘नारळीकरांनी बिग बँग खोटा ठरवला’ हे विधान चूक आहे. त्यांनी त्याला प्रश्न विचारले. त्यातल्या काहींची उत्तरं मिळाली, ती त्यांच्या विरुद्ध गेली. काहींची अजून मिळालेली नाहीत: कृष्णद्रव्य कशाचं बनलंय, कृष्णऊर्जा म्हणजे नेमकं काय, विश्वाच्या प्रसरणाचा वेग दोन पद्धतींनी मोजला की ६७ आणि ७३ असे वेगळे आकडे का येतात. २०२२ मध्ये जेम्स वेब दुर्बिणीला अपेक्षेपेक्षा तेजस्वी प्राचीन दीर्घिका दिसल्यावर ‘बिग बँग खोटा’ असे मथळे मोबाइलवर फिरले. शास्त्रज्ञांचा वाद मात्र पहिल्या दीर्घिका किती लवकर तयार झाल्या यावर होता.

स्वतः अधिकारपदावर आल्यावर

नारळीकरांना ‘बंडखोर’ म्हणताना एक गोष्ट विसरली जाते. ते व्यवस्थेच्या बाहेरचे नव्हते. १९७२ मध्ये ते मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि १९८८ मध्ये पुण्यात आयुका सुरू झाली तेव्हा तिचे संस्थापक संचालक झाले. २००३ पर्यंत ते त्या पदावर होते. भारतातल्या विद्यापीठांमधल्या खगोलशास्त्राची दिशा ठरवणाऱ्यांमध्ये त्यांचा शब्द वजनदार होता.

त्यांनी ठरवलं असतं तर आयुका स्थिर स्थितीचा मठ झाली असती. तसं झालं नाही. तिथे वरुण साहनी कृष्णऊर्जेवर काम करत होते, तरुण सौरदीप त्याच मायक्रोवेव्ह प्रारणावर, थाणू पद्मनाभन गुरुत्वाकर्षण आणि विश्वरचनेवर. संजीव धुरंधर यांच्या गटाने गुरुत्वीय लहरी शोधण्याच्या पद्धती विकसित केल्या. त्यातले अनेकजण संचालकांना अमान्य असलेल्या चौकटीतच काम करत होते आणि त्यांना त्यासाठी लपूनछपून वागावं लागलं नाही. न्यू सायंटिस्टच्या पत्रातली तक्रार करण्याचा हक्क नारळीकरांना कशाने मिळत असेल, तर तो यानेच.

आणि कुंडल्या?

२००१ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विद्यापीठांमध्ये ‘ज्योतिर्विज्ञाना’चे अभ्यासक्रम सुरू करायचं ठरवलं. नारळीकरांनी जाहीर विरोध केला. निर्णयाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये फेटाळली. विरोधाचे लेख अनेकांनी लिहिले. नारळीकरांनी पुढे एक चाचणीही घेतली.

२००८च्या या चाचणीत त्यांच्यासोबत होते पुणे विद्यापीठातले संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे चिकित्सक अभ्यासक प्रकाश घाटपांडे. कुंडलीवरून बुद्धिमत्ता कळते, असं ज्योतिषी सांगतात. मग दोनशे मुलांच्या जन्मवेळा गोळा केल्या: शंभर शाळेत हुशार ठरलेली मुलं, शंभर मतिमंद मुलं. कुंडल्यांवरची नावं काढून सांकेतिक क्रमांक दिले, म्हणजे कुठली कुंडली कोणाची हे ज्योतिष्यालाही कळू नये आणि ती वाटणाऱ्यालाही. प्रत्येक ज्योतिष्याने ४० कुंडल्या पाहून फक्त एवढंच सांगायचं की मूल कुठल्या गटातलं.

नाणं उडवून उत्तरं दिली तरी ४० पैकी साधारण २० बरोबर येतात. २८ किंवा जास्त बरोबर आली तर निव्वळ योगायोग म्हणता येणार नाही, असा निकष ठरला. ५१ ज्योतिष्यांनी कुंडल्या मागवल्या. २७ जणांनी उत्तरं पाठवली. सगळ्यात चांगला निकाल होता २४. सरासरी आली १७च्या आसपास, म्हणजे नाण्यापेक्षाही थोडी कमी. एका संस्थेने सगळ्या दोनशे कुंडल्या तपासल्या होत्या. त्यांची १०२ उत्तरं बरोबर आली. निष्कर्ष मार्च २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाले.

या एका चाचणीने फलज्योतिषाचे सगळे दावे तपासले गेले असं नाही. एकच दावा तपासला गेला. पण किती उत्तरं बरोबर आली तर आपण हरलो असं मानायचं, हा आकडा इथे खुला होता. २८ आली असती तर तेही छापावं लागलं असतं. चाचणीतले त्यांचे सहकारी दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली.

हीच शिस्त आणखी एका, तुलनेने कमी माहीत असलेल्या कामात दिसते. जीवसृष्टीची बीजं अवकाशातून आली असावीत, असं हॉइल आणि चंद्रा विक्रमसिंघे यांचं मत होतं. ते तपासण्यासाठी २००१ आणि २००५ मध्ये हैदराबादहून इस्रोच्या मदतीने फुगे सोडले गेले. त्यांनी ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. दुसऱ्या मोहिमेत जीवाणूंच्या तीन नवीन प्रजाती सापडल्या. एकीला हॉइल यांच्यावरून ‘जॅनीबॅक्टर होयली’ नाव दिलं गेलं, तर बाकीच्या दोघींना इस्रो आणि आर्यभट यांच्यावरून. गुरूच्या मताला पाठबळ मिळाल्याची घोषणा करण्याचा मोह इथे होण्यासारखा होता. प्रत्यक्षात २००९ मध्ये जाहीर करताना, हे जीव पृथ्वीबाहेरून आले असं यावरून ठामपणे सिद्ध होत नाही, हे स्पष्ट म्हटलं गेलं.

आज काय उरलंय?

विश्वरचनेच्या संशोधनात स्थिर स्थितीवर काम करणारं आता फारसं कोणी नाही. हॉइल २००१ मध्ये गेले, जॉफ्री बर्बिज २०१० मध्ये, नारळीकर २०२५ मध्ये. त्यांचे शोधनिबंध आहेत, आणि ते चूक आहेत असं ज्यांना वाटतं त्यांना कुठली ओळ चूक आहे ते बोट ठेवून दाखवता येतं. मराठी वाचकाकडे याशिवाय ‘यक्षांची देणगी’, ‘प्रेषित’, ‘वामन परत न आला’ आहेत, आणि साहित्य अकादमी मिळालेलं ‘चार नगरांतले माझे विश्व’ हे आत्मचरित्र. या वादाची त्यांची स्वतःची बाजू वाचायची असेल तर तिथून सुरुवात करावी.

आणि अनेकांच्या घरी एखादं पोस्टकार्डही असेल. व्याख्यानानंतर मुलं सहीसाठी वह्या पुढे करायची, तेव्हा नारळीकर सही देत नसत. पोस्टकार्डवर विज्ञानातला एखादा प्रश्न लिहून पाठव, म्हणायचे. उत्तर यायचं, आणि त्याखाली सही असायची.